सर्वसमावेशक पायाभूत विकास (नागपूर)

रस्ते, पाणी, मलनिस्सारण, वीज आणि वाहतूक या सोयी गरिबांपर्यंत, दिव्यांगांपर्यंत आणि कागदोपत्री ‘अनधिकृत’ ठरलेल्या वस्त्यांपर्यंत पोहोचाव्यात, तसेच प्रकल्पात ज्यांची जमीन जाते त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागू नये, अशा रीतीने केलेली आखणी. विकसनशील देशांत शहर आधी वसते आणि सोयी मागून येतात, म्हणून हा प्रश्न तिथे अधिक बिकट. कोलंबियातल्या मेडेलिन शहराने २००४ मध्ये डोंगरावरच्या गरीब वस्त्या केबल कारने मेट्रोला जोडल्या. हे उदाहरण नेहमी दिले जाते. नागपुरात डोंगर नाही. इथली चढण कागदांची.

शहराभोवतालच्या शेतांवर अकृषक परवानगीशिवाय लेआउट पडत गेले. लोकांनी हप्त्याहप्त्याने प्लॉट घेतले, घरे बांधली. गडरलाइन (मलवाहिनी) आणि डांबरी रस्ता यांची वाट पाहण्यात पुढची वर्षे गेली. नागपूर सुधार प्रन्यास ही १९३६ च्या कायद्याने आलेली शहर विकासाची संस्था. हे भूखंड नियमित करून घ्यायला लोक तिच्याकडे जातात. २००१ च्या गुंठेवारी (जमिनीचे विनापरवाना पाडलेले छोटे तुकडे) कायद्यानंतर असे भूखंड नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. डिमांड, म्हणजे मागणीपत्रातली रक्कम, भरली की ‘आरएल’ म्हणजे भूखंड नियमित झाल्याचे पत्र मिळते, आणि आरएल असल्याशिवाय बँक कर्जाचे नाव काढत नाही. त्यामुळे नागपुरात घर दाखवायला आलेल्या दलालाला पहिला प्रश्न ‘आरएल आहे का?’ हाच असतो. झोपडपट्टीत आरएलच्या जागी मालकी पट्टा येतो. जमीन नझूलची (सरकारी), महापालिकेची, प्रन्यासची की रेल्वेची, यावर तो मिळणे अवलंबून. एकाच गल्लीतल्या दोन रांगांचे नशीब त्यामुळे वेगळे होऊ शकते.

पाण्याचा प्रयोग सर्वांत बोलका. पेंच आणि कन्हान या नद्या हे शहराचे मुख्य स्रोत. २०१२ पासून वितरण ‘ऑरेंज सिटी वॉटर’ या खासगी कंपनीकडे आहे. करार २५ वर्षांचा. उद्दिष्ट चोवीस तास पाणी, तेही झोपडपट्ट्यांसह. ही चैन वाटते, पण तिचा खरा फायदा गरिबालाच. ठरावीक वेळी नळ येतो तेव्हा मधल्या काळात वाहिनी रिकामी राहते आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या नालीचे पाणी आत ओढले जाते. म्हणूनच पहिला गुंड (पाण्याचे भांडे) गढूळ भरतो. ज्याच्याकडे नळाचे पाणी ओढणारा छोटा टिल्लू पंप, त्याला धार. शेवटच्या घराला नुसती फुसफुस. दाब सतत असेल तर पंप लागत नाही आणि पाण्यासाठी मजुरी बुडत नाही. मात्र सार्वजनिक नळ जाऊन घरोघरी मीटर आला की बिलही येते, आणि रोजंदारीवरच्या घराला ते एकरकमी भरणे जड जाते. विरोध मुख्यतः या बिलांवरून आणि खासगीकरणावरून झाला. ठरल्या मुदतीत सगळ्या शहराला चोवीस तास पाणी मिळाले नाहीच. जुलै २०१९ मध्ये तर पेंचचा साठा आटल्याने महापालिकेला दिवसाआड पुरवठा करावा लागला. धरणात पाणी नसेल तर नवी वाहिनी काय करणार?

मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला जर्मन व फ्रेंच विकास संस्थांचे कर्ज आहे. खापरी ते सीताबर्डी हा दक्षिणेचा मार्ग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. इंदोऱ्यावरून जाणारा उत्तरेचा आणि प्रजापतीनगरकडचा पूर्वेचा तुकडा खुला व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला. म्हणजे दाट, कष्टकरी वस्तीचा भाग रांगेत शेवटी. मिहान या विमानतळालगतच्या मालवाहतूक व उद्योग प्रकल्पात शिवणगावसारख्या गावांची शेती गेली. तिथे मोबदला आणि पुनर्वसनाचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळला.

दिव्यांगांच्या सोयींना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा आधार आहे. मेट्रो स्थानकांत लिफ्ट आणि दृष्टिहीनांसाठी उंचवट्याच्या पट्ट्या आहेत. खाली रस्त्यावर आले की फुटपाथवर दुचाक्या लागलेल्या असतात आणि व्हीलचेअर तिथेच अडते.