इमारतीसाठी ‘एज’ हरित प्रमाणपत्र : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रक्रिया

‘एज’ प्रमाणपत्राची फाइल अडकते ती बहुतेक वेळा फोटोंपाशी. आकडे जुळलेले असतात, कामही चांगलं झालेलं असतं, पण छतात इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) खरोखर घातलं होतं हे दाखवायला हाताशी काहीच नसतं. म्हणून पायाभरणीच्या आधीच सगळी प्रक्रिया माहीत असलेली बरी.

एज ही जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने, म्हणजे आयएफसीने, तयार केलेली प्रमाणन पद्धत. ऊर्जा आणि औद्योगिक प्रक्रियांमधून जगभर होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात इमारती आणि बांधकामाचा वाटा एक तृतीयांशाहून थोडा जास्त आहे. त्यात दिवे-एसीची वीज जशी येते, तसं सिमेंट-पोलाद बनवतानाचं उत्सर्जनही येतं. एज या दोन्ही बाजू तपासते, शिवाय पाणीही.

कोणाला मिळू शकतं?

घरं, अपार्टमेंट, कार्यालयं, हॉटेलं, रुग्णालयं, दुकानं, शाळा, गोदामं. इमारत नवी असो वा जुनी. अट एकच, पण कडक आहे. त्या भागातल्या नेहमीच्या पद्धतीने बांधलेल्या इमारतीच्या तुलनेत ऊर्जा, पाणी आणि साहित्यातला अंतर्भूत कार्बन (विटा, काँक्रीट, काच तयार करताना झालेलं उत्सर्जन) या तिन्हींत प्रत्येकी किमान २० टक्के बचत दिसली पाहिजे. ऊर्जेत ३५ आणि पाण्यात १२ टक्के असं असेल, तर प्रमाणपत्र नाही. इथे सरासरी काढत नाहीत.

जागेवरच ४० टक्के किंवा जास्त ऊर्जाबचत होत असेल, तर वरची ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पातळी मिळते. जुन्या इमारतींना साहित्याच्या बाबतीत एक फायदा आहे : पाच वर्षांहून जुन्या भिंती आणि स्लॅब तसेच ठेवले, तर त्यांचा पुनर्वापर धरला जातो. माझ्या मते पाडून नव्याने हरित बांधण्यापेक्षा हा मार्ग आधी तपासावा.

अर्ज कसा करायचा?

सुरुवात एजच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये. ते मोफत आहे आणि त्यासाठी कोणाला नेमावं लागत नाही. शहर, इमारतीचा प्रकार, क्षेत्रफळ, मजले भरले की तुलनेची मूळ इमारत ते स्वतः उभी करतं. मग उपाय एकेक निवडायचे आणि टक्केवारी कशी हलते ते पाहायचं. काही उपायांवर तारांकन असतं. ते सोयीपुरते निवडता येत नाहीत. दर्शनी भिंतीत काच मूळ इमारतीपेक्षा जास्त असेल, तर तो खरा आकडा भरावाच लागतो आणि बचत खाली येते. ‘आम्ही एसी लावणारच नाही’ म्हणूनही सुटका नाही. आत उकाडा होणार असं गणित सांगत असेल, तर गारव्यासाठी लागू शकणारी ऊर्जा आभासी म्हणून मोजली जाते. मला हे पटतं. आज नसलेला एसी उद्या खिडकीत येतोच.

टक्केवारी बसली की त्याच सॉफ्टवेअरमधून प्रकल्पाची नोंदणी करायची. शुल्क क्षेत्रफळ आणि ठिकाणानुसार ठरतं. मान्यताप्राप्त ऑडिटर नेमणं बंधनकारक आहे आणि त्याचं मानधन वेगळं. एज-तज्ज्ञ सल्लागार घेणं ऐच्छिक; मात्र ज्याने त्या प्रकल्पाला सल्ला दिला, त्याला तिथे ऑडिटर होता येत नाही. ऑडिटर आधी नकाशे आणि गणितं तपासतो आणि आपला अहवाल प्रमाणन संस्थेकडे पाठवतो. ती प्राथमिक प्रमाणपत्र देते. बांधकाम झाल्यावर ऑडिटर जागेवर येतो आणि त्यानंतर अंतिम प्रमाणपत्र मिळतं.

कागदपत्रं

आराखड्याच्या टप्प्यावर नकाशे, छेद (इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारं रेखाटन), दारं-खिडक्यांची यादी, भिंत आणि छताच्या उष्णतारोधकतेचं गणित, काच-एसी-दिव्यांची उत्पादकाची माहितीपत्रकं आणि साहित्याच्या परिमाणांची यादी लागते. हे वास्तुविशारदाकडे बहुधा तयारच असतं.

अवघड भाग पुढचा. बांधकामानंतर खरेदीची बिलं, माल पोहोचल्याच्या पावत्या आणि तारीख असलेले फोटो मागतात. माझ्या एका कामात छतावरचं इन्सुलेशन टाकून झालं, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर टाइल्स. फोटो टाइल्सचे होते, अगदी झकास. खालच्या थराचा एकही नाही. शेवटी पुरवठादाराच्या पावत्या शोधत महिना गेला. तेव्हापासून माझा नियम : जे झाकलं जाणार आहे त्याचा फोटो त्याच दिवशी, पाकिटावरचं नाव आणि जाडी दिसेल असा.

नळांचं तसं नाही, ते केव्हाही मोजता येतात. एका हातात मोजपात्र, दुसऱ्या हातात घड्याळ. नळ पूर्ण सोडायचा आणि मिनिटाला किती लिटर पाणी पडतं ते लिहायचं. कंत्राटदाराने ऐनवेळी नळ बदलले असतील, तर ते इथे उघडं पडतं. बदल झालाच, तर सॉफ्टवेअरमधला आकडा आधी सुधारून घ्या.

शून्य कार्बन पातळी

ही तिसरी, सगळ्यांत वरची पातळी. ती कागदावरच्या अंदाजावर मिळत नाही. इमारत आधी अ‍ॅडव्हान्स्ड पातळीची हवी, किमान ७५ टक्के वापरात असायला हवी आणि वर्षभराच्या वापराची नोंद हवी. विजेसोबत जनरेटरचं डिझेल आणि स्वयंपाकाचा गॅसही हिशेबात येतो, म्हणून ती बिलं जपून ठेवा. ही सगळी ऊर्जा अक्षय स्रोतांतून घ्यायची किंवा कार्बन ऑफसेट (दुसरीकडे केलेल्या उत्सर्जन-कपातीचं श्रेय) विकत घेऊन तिचं उत्सर्जन भरून काढायचं. पहिल्या दोन पातळ्यांचं प्रमाणपत्र पुन्हा काढावं लागत नाही. शून्य कार्बनचं मात्र पूर्ण अक्षय ऊर्जेवर असाल तर दर चार वर्षांनी आणि ऑफसेट वापरत असाल तर दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.