पाकटाचा काटा : इजेचे दूरगामी परिणाम

पाकट या चपट्या कास्थिमत्स्याच्या (हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशाच्या) शेपटीवरील काटा शरीरात घुसून होणारी विषारी जखम आणि त्या जखमेमागून आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उद्भवणारे विकार. पाकट स्वतःहून अंगावर येत नाही. उथळ पाण्यात वाळूखाली दबून बसलेल्या माशावर पाय पडला की शेपटी उसळते आणि काटा घोट्यात, पावलात किंवा पोटरीत रुततो. मच्छीमारांना जाळ्यातून मासा सोडवताना हाताला व मनगटाला इजा होते. काही जातींची रुंदी २ मी.पर्यंत जाते, अशा पाकटाचा काटा छातीत वा पोटात शिरल्यास जीवावर बेतते.

या काट्याची दहशत प्राचीन आहे. काटा मुळाशी ठोकल्यास झाड वाळते, असे इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने लिहिले आहे. ते अर्थातच ऐकीव असावे. ग्रीक कथाचक्रात ट्रॉयच्या युद्धातील वीर ओडिसियसचा मृत्यू त्याचा मुलगा टेलेगोनस याच्या, पाकटाचा काटा बसवलेल्या भाल्याने होतो. त्याच्या मृत्यूविषयीच्या प्राचीन ग्रीक कवी होमरच्या काव्यातील भविष्यवाणीत ‘समुद्रातून’ आणि ‘समुद्रापासून दूर’ असे दोन्ही अर्थ निघू शकणारा शब्दप्रयोग असून त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काट्याची कथा पहिल्या अर्थावरून पुढे रचली गेली असावी, हे मत अधिक संभाव्य वाटते. प्रत्यक्ष नोंदींपैकी प्रसिद्ध नोंद अमेरिकेतील इंग्रज वसाहतीचा नेता कॅप्टन जॉन स्मिथ याची आहे. १६०८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागरात, रॅपहॅनॉक नदीच्या मुखाजवळ त्याच्या हाताला काटा लागला. सूज इतकी चढली की सोबत्यांनी त्याच्या दफनासाठी खड्डाही खणला. परंतु संध्याकाळी त्याने तोच मासा खाल्ला. त्या जागेला आजही स्टिंगरे पॉइंट (स्टिंगरे म्हणजे पाकट) म्हणतात. वेदना भयंकर पण अल्पकाळाची, ही जी समजूत पुढे रूढ झाली तिला अशा वृत्तांतांनी बळ दिले असावे.

काटा हा त्वचेवरील दंतिकेचे (दातासारख्या खवल्याचे) रूपांतर असून दंतिनासारख्या (दात ज्याचे बनतात त्या द्रव्यासारख्या) कठीण पदार्थाचा असतो. दोन्ही कडांना मागे वळलेले दाते असल्याने तो आत जाताना जेवढे कापतो त्याहून अधिक बाहेर येताना फाडतो. खालच्या बाजूस दोन लांबट खोबणी असतात आणि संपूर्ण काट्यावर पातळ त्वचेचे आवरण असते. विष कोठे तयार होते, हा प्रश्न बराच काळ वादाचा राहिला. जुन्या वर्णनांत खोबणीतील ग्रंथिमय ऊतीवर भर होता. ब्राझीलमधील संशोधकांनी २००७ मध्ये केलेल्या तुलनेत सागरी जातींत विषपेशी खोबणीत व तिच्या आसपास, तर गोड्या पाण्यातील पोटॅमोट्रायगॉन प्रजातीत काट्याच्या आवरणभर पसरलेल्या आढळल्या. दक्षिण अमेरिकेतील नद्यांच्या काठी या इजेनंतर ऊतिमृत्यू (जखमेभोवतीचे मांस मृत होणे) होऊन महिनोन्‌महिने न भरणारे व्रण अधिक का दिसतात, याचा खुलासा बहुधा येथेच आहे. विष मुख्यतः प्रथिनमय आहे आणि उष्णतेने त्याचा गुण नष्ट होतो. म्हणून इजा झालेला भाग सोसवेल इतक्या, सुमारे ४५° से.पर्यंतच्या, गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवतात. वेदनाशमन विष निकामी झाल्याने होते की उष्णतेचा वेदनेच्या संवेदनेवर परिणाम झाल्याने, याविषयी एकमत नाही. उपाय मात्र बहुतेकांना लागू पडतो.

सागरी पाकटाच्या बाबतीत दूरगामी त्रासाचे कारण विषापेक्षा जखमेत मागे राहिलेले अवशेष हेच असते, असे मानण्याकडे कल आहे. काट्याचा तुकडा क्ष-किरण चित्रात बहुधा दिसतो. आवरणाची चिंधोटी दिसत नाही. वरून भरलेली जखम काही आठवड्यांनी पुन्हा सुजते, पू वाहतो, नाडीव्रण (खोलवर नळीसारखा जाणारा, वाहता व्रण) किंवा कणार्बुद (दाहामुळे बनलेली गाठ) तयार होते आणि खोलवर गेलेला संसर्ग हाडापर्यंत पोचल्यास अस्थिमज्जाशोथ (हाड व त्यातील मज्जेचा दाह) होतो. व्हिब्रिओ गटातील सागरी जंतूंचा संसर्ग, विशेषतः यकृतविकार असलेल्यांत, काही तासांतच घातक ठरू शकतो. याउलट, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा क्षयजंतूच्या कुळातील जंतू संथपणे वाढतो. त्याला सुमारे ३०° से. तापमान मानवत असल्याने तो हातापायांच्या थंड त्वचेत टिकतो. गाठी कित्येक आठवड्यांनी उठतात, तोवर रुग्ण मूळ इजा विसरलेला असतो, आणि उपचार महिनोन्‌महिने चालतात. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) वा तंत्रिका (मज्जातंतू) तुटल्यास बोटांची हालचाल व संवेदना कायमची उणावते. हातावर पोट असलेल्या मच्छीमाराला हे अपंगत्व मोठे असते.

छातीतील जखमा वेगळ्या गणाव्या लागतात. दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध ऑस्ट्रेलियन वन्यजीवतज्ज्ञ स्टीव्ह अर्विन यांचा ४ सप्टेंबर २००६ रोजी हृदयाला काटा लागून तत्काळ मृत्यू झाला. परंतु ऑस्ट्रेलियातील १९८९ च्या एका वैद्यकीय वृत्तांतात छातीला जखम झालेला १२ वर्षांचा मुलगा सहा दिवसांनी, हृदयस्नायूचा ऊतिमृत्यू होऊन दगावल्याचे नमूद आहे. त्यामुळे प्रकृती ठीक दिसली तरी अशा रुग्णाला निरीक्षणाखाली ठेवणे आवश्यक मानतात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ही इजा प्रामुख्याने मच्छीमारांची मानली जात असे. सप्टेंबर २०१३ मध्ये मुंबईत गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन चालू असताना अनेक भाविकांच्या पायांना काटे लागले, तेव्हा तिची सार्वजनिक चर्चा झाली. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालल्यास पाकट दूर सरकते. काटा लागल्यास जखम स्वच्छ धुऊन आतील अवशेष काढणे आणि धनुर्वाताची लस देणे हे मुख्य उपचार होत. छातीत, पोटात किंवा मानेत रुतलेला काटा मात्र शस्त्रक्रियेची सोय असल्याखेरीज उपसू नये.