पाय दाबल्यापासून गाडी निघेपर्यंत

“साठ लाख मोजले, आणि पाय दाबला की गाडी विचार करत बसते!” ही तक्रार मी निरनिराळ्या ब्रँडच्या महागड्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या मालकांकडून ऐकली आहे, आणि तपशील दर वेळी साधारण तोच असतो. चौकाजवळ गाडी हळू केली, समोर फट मिळाली म्हणून ॲक्सिलरेटर दाबला, तर क्षणभर काहीच नाही. घाबरून आणखी दाबला, तर गाडी एकदम उसळली. यावर मेकॅनिकचं निदान दोनपैकी एक असतं: “गिअरबॉक्स गेला” किंवा “साहेब, या गाड्या अशाच असतात.” पहिलं निदान बऱ्याचदा चुकीचं असतं. दुसरं बरोबर असतं, फक्त ‘अशाच’ का, हे कोणी सांगत नाही.

माझ्या मते उत्तर थोडं उलटं आहे. या गाड्या उशीर करतात, कारण त्यांना धक्का द्यायची मनाई आहे. स्वस्तातल्या एएमटी गाडीत (म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर यंत्राने चालवणाऱ्या) गिअर बदलताना मान पुढे-मागे होते, आणि आपण ते चालवून घेतो, कारण त्या किमतीत तेवढं चालतं. आलिशान गाडीत मागे बसलेल्या माणसाच्या कपातला चहा हिंदकळला तरी कंपनीची लाज जाते. मग धक्का टाळायचा तर वेळ घ्यावा लागतो, आणि तो वेळ नेमका आपल्याला घाई असते तेव्हाच डोळ्यांत भरतो.

अमेरिकेत ही तक्रार चांगलीच गाजली ती लेक्सस ईएस ३०० या गाडीमुळे. २००२ च्या मॉडेलला पाच गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि सोबत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) आलं. गाडी जवळजवळ थांबत आणून पुन्हा पाय दाबला की ती आधी गप्प राहते आणि मग उसळी मारते, अशा तक्रारी तिथल्या वाहनसुरक्षा खात्यापर्यंत गेल्या. टोयोटाने डीलरांसाठी तांत्रिक पत्रकं काढली आणि गाडीतल्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलायला सांगितला. प्रोग्रॅम बदलला, दातेरी चाकं तीच राहिली. सगळ्यांचं समाधान झालं असंही नाही.

पूर्वी ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत खरीखुरी केबल असायची. पाय दाबला की थ्रॉटलची झडप तेवढी उघडायची. आता पेडलखाली सेन्सर असतो आणि आपला पाय फक्त अर्ज करतो. तो मंजूर कधी आणि किती करायचा, हे संगणक ठरवतो.

लोक सहसा दोष देतात टॉर्क कन्व्हर्टरला, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या तेलाने चालणाऱ्या जोडणीला. या बिचाऱ्याला उगाच बदनाम केलं जातं. तो घसरत असतो तेव्हा उलट बळ वाढवून देतो. खरी गंमत त्याच्या मागे आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. गिअर बदलतो तो कोणता क्लच धरला आणि कोणता सोडला यावर. असा एकेक क्लच म्हणजे तेलात बुडालेल्या चकत्यांची चवड: एक पोलादी, एक घर्षणाची, पुन्हा पोलादी. एका बाजूला पिस्टन असतो. त्यामागे तेलाचा दाब आला की तो चवड आवळतो. क्लच सुटा असताना चकत्यांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर त्या एकमेकींवर घासत राहतात आणि पेट्रोल जाळतात. म्हणून क्लच धरायचा तर आधी पिस्टनमागची रिकामी जागा तेलाने भरायची, फट मिटवायची, मगच दाब उपयोगी पडतो. रिकाम्या होजपाइपला नळ जोडल्यावर दुसऱ्या टोकाला पाणी यायला जो वेळ लागतो, तसा हा वेळ. तो सेकंदाचा काही दशांश असतो.

मला या यंत्रातला सगळ्यात आवडता भाग हाच. कारण पिस्टन चकत्यांना टेकला की नाही, हे सांगणारा सेन्सर सहसा नसतो! संगणक तेलाच्या तापमानावरून अंदाज बांधतो, झडप इतके मिलिसेकंद पूर्ण उघडतो आणि मग दाब उतरवून पिस्टनला चकत्यांना जेमतेम टेकवून ठेवतो. तेल कमी पडलं तर क्लच धरत नाही आणि इंजिन मोकळं गरगरतं. जास्त झालं तर जुना क्लच सुटायच्या आत नवा धरतो आणि गाडीला हिसका बसतो. प्रत्येक गिअर बदलानंतर शाफ्टांचे वेग पाहून संगणक आपला अंदाज थोडा सुधारतो. म्हणून तेल बदलल्यावर किंवा दुरुस्तीनंतर काही दिवस गिअरबॉक्स वेगळा वागू शकतो. तो नव्याने शिकत असतो.

आता चौकातला प्रसंग पाहा. तुम्ही पाय काढला आहे, गाडी हळू होते आहे आणि गिअरबॉक्स गुपचूप चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरतो आहे. इंजिन मंद आहे, त्यामुळे त्यावर चालणारा तेलाचा पंपही मंद. एक क्लच सुटतो आहे, दुसरा अर्धाच भरलाय, आणि नेमका तेव्हा तुमचा पाय येतो. या क्षणी इंजिनाने पूर्ण जोर दिला तर अर्धवट धरलेल्या चकत्या घसरून जळतील, किंवा जोराचा दणका बसेल. म्हणून संगणक तुमचा अर्ज बाजूला ठेवतो आणि थ्रॉटल जेमतेमच उघडतो. तुम्हाला वाटतं गाडी मेली. तुम्ही पेडल आणखी खाली नेता. तेवढ्यात क्लच पक्का होतो आणि संगणक ताजी मागणी पाहतो, ती असते भरपूर. तीच उसळी. पायाखालच्या पेडलची जागा न बदलता अर्धा सेकंद थांबलं असतं, तर ती आलीच नसती. पण समोरून टँकर येत असताना हा सल्ला कोण ऐकणार?

हायवेवर ओव्हरटेक करतानाचा उशीर वेगळ्या जातीचा आहे. उदाहरणाला झेडएफ या जर्मन कंपनीचा ८एचपी गिअरबॉक्स घेऊ. तो २००९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये आला आणि आज अनेक महागड्या गाड्यांमध्ये आहे. आठव्या गिअरचं गुणोत्तर (गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे) ०.६६७, चौथ्याचं १.६६७. म्हणजे आठव्यातून चौथ्यात यायचं तर, गाडीचा वेग तोच ठेवून, इंजिनाने अडीच पट वेगाने फिरायला हवं: १३०० आरपीएम (मिनिटाला फेरे) असेल तर ३२५०. हा वाढीव वेग इंजिनाने स्वतःच कमवायचा असतो. फिरणाऱ्या भागांचं जडत्व (वेग बदलायला होणारा विरोध) ०.२५ किलोग्रॅम-वर्गमीटर धरा. वेगातला फरक सेकंदाला २०४ रेडियन येतो. दोन्हींचा गुणाकार ५१. इंजिनाकडे यासाठी २०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचं बळ) शिल्लक असेल तर ५१ भागिले २००, म्हणजे पाव सेकंद. पण १३०० आरपीएमला टर्बोचा (इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) दाब अजून तयार व्हायचा असतो, १०० न्यूटन-मीटरच शिल्लक असेल, तर अर्धा सेकंद. (आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण बरोबर आहे.) हे घडत असताना चाकांना साधारण पूर्वीइतकंच बळ मिळतं. आवाज चढतो, गाडी नाही. ताशी ८० किलोमीटरला अर्ध्या सेकंदात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते.

याच गिअरबॉक्समध्ये आणखी एक खुबी आहे. यात धरण्या-सोडण्याचे पाच घटक आहेत, त्यांना ए, बी, सी, डी, ई म्हणतात, आणि कोणत्याही गिअरमध्ये त्यातले तीन धरलेले असतात. आठव्यात ए, डी, ई. चौथ्यात बी, डी, ई. म्हणजे ए सोडला, बी धरला, झालं. दुसऱ्यात ए, बी, ई, म्हणून आठव्यातून थेट दुसऱ्यातही एकाच अदलाबदलीत उडी मारता येते. पण तिसऱ्यात बी, सी, ई लागतात, तिथे दोन सोडायचे आणि दोन धरायचे. म्हणून काही उड्या सोप्या, काही किचकट. मालकाला यातलं काही दिसत नाही; त्याला एवढंच कळतं की गाडी आज पटकन निघाली आणि काल निघाली नव्हती.

मुळात १३०० आरपीएमवर रांगत जायचं कशाला? इंधनासाठी. इंजिन सावकाश फिरवून त्यावर जास्त भार टाकला की तेच काम कमी पेट्रोलमध्ये होतं. आठ गिअरच्या या पेटीने आपल्याच आधीच्या सहा गिअरच्या पेटीपेक्षा सुमारे ६ टक्के इंधन वाचवलं, असं कंपनी सांगते. त्यामुळे संगणक शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकतो. स्पोर्ट मोड लावला की तो हा कंजूषपणा सोडतो आणि उशीर कमी होतो. ब्रोशरमध्ये गिअर बदलायला ०.२ सेकंद लिहिलेले असतात, पण त्या घड्याळाचं बटण पाय दाबल्यापासून दाबलेलं नसतं.

या चिडचिडीवर बाजारात औषधंही आहेत. पेडलच्या वायरमध्ये बसवायची डबी मिळते, तिने म्हणे गाडी ‘जागी’ होते. ती करते एवढंच, की तुम्ही पेडल २० टक्के दाबलं तर संगणकाला ४० टक्के सांगते. तुम्ही जास्त दाबलं असतं तर हेच फुकटात झालं असतं. क्लच भरायला लागणारा वेळ तिने एका मिलिसेकंदानेही कमी होत नाही. नव्या गाडीच्या चाकाखाली चिरडलेल्या लिंबाचा गिअरबॉक्सवर जेवढा परिणाम होतो, साधारण तेवढाच. लिंबू निदान स्वस्त असतं. दुसरी थाप ‘आयुष्यभराच्या तेलाची’. काही कार कंपन्या म्हणतात की गिअरबॉक्सचं ऑइल कधीच बदलू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान ते बदलायला सांगते. मी बनवणाऱ्याचं ऐकेन.

इलेक्ट्रिक गाडीत हे क्लच नाहीत, मोटर काही मिलिसेकंदांत पूर्ण टॉर्क देऊ शकते. तरीही तिथले इंजिनिअर तो टॉर्क मुद्दाम उतार लावून सोडतात. कारण पाय काढलेला असताना दातेरी चाकांचे दात एका बाजूला टेकलेले असतात, पाय दाबला की दुसऱ्या बाजूला जाऊन आपटतात, आणि ती टक्कर खट्‌ अशी ऐकू येते. तेवढी पोकळी हळूच ओलांडायची म्हणून सॉफ्टवेअर थोडा वेळ चोरतं. हाच प्रकार पेट्रोल गाडीतही होतो, फक्त बाकीच्या उशिरात तो लपून जातो.

खरा बिघाड ओळखायचा असेल तर गाडी सकाळी थंड असताना आणि तासभर चालल्यावर, दोन्ही वेळा एकाच रस्त्यावर चालवून पाहा. उशीर दोन्ही वेळा सारखाच असेल आणि स्पोर्ट मोडमध्ये कमी होत असेल, तर तो बहुधा प्रोग्रॅमचा स्वभाव आहे. सर्व्हिस सेंटरला नवं सॉफ्टवेअर आलंय का एवढंच विचारा. पण गरम झाल्यावर उशीर वाढत असेल, लिव्हर ‘डी’वर (ड्राइव्हवर) टाकल्यावर दणका बसत असेल, किंवा गिअर बदलताना आरपीएमचा काटा चढून गाडी मागेच राहत असेल, तर क्लच घसरत असण्याची किंवा तेलाचा दाब बिघडलेला असण्याची शक्यता आहे. तेव्हा “अशाच असतात” हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. ऑइल तपासून मागा आणि संगणकाने शिकलेले आकडे स्कॅनरवर दाखवायला सांगा. कोणता क्लच भरायला नेहमीपेक्षा जास्त तेल लागतंय, हे बऱ्याचदा तिथे दिसून येतं.