गरजेपोटी घरे (नवी मुंबई)

नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आगरी, कोळी आणि इतर भूमिपुत्र कुटुंबांनी वाढत्या संसाराची सोय म्हणून गावठाणात व गावठाणालगतच्या संपादित जमिनीवर परवानगीविना बांधलेली घरे. शासननिर्णयांतही आता हेच नाव रूढ आहे. शहर वाढले, जमिनीचे भाव चढले की मूळ रहिवाशाला तिथे राहणे परवडेनासे होते आणि तो लांब फेकला जातो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांनी हे जवळजवळ पन्नास वर्षे रोखून धरले, ते मोर्चे काढून आणि घरे बांधून. यांतल्या मोर्चांची नोंद इतिहासात झाली. घरांच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा अतिक्रमणाची नोटीस आली.

नवे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, सिडकोची, स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांचा, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचा परिसर नव्या शहरासाठी निश्चित झाला. त्याआधीच, १९६० च्या दशकात, औद्योगिक विकास महामंडळाने ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या जमिनी कारखान्यांसाठी घ्यायला सुरुवात केली होती. काही कुटुंबांच्या जमिनींवर त्यामुळे दोनदा संपादन आले. इथला शेतकरी पावसाळ्यात भात काढी, उरलेले महिने मिठागरात किंवा खाडीवर काढी. शेत, मिठागर आणि खाडी मिळून एक वर्षभराचा रोजगार होता. भरपाई ठरली ती फक्त शेताच्या सातबाऱ्यावर. मिठागरातला मजूर, गावचा बलुतेदार, खाडीत जाळे टाकणारा कोळी यांच्या नावावर सातबारा नव्हता, म्हणून पहिल्या हिशेबात ते बसलेच नाहीत.

संपादनातून गावठाणे वगळली, म्हणजे राहती घरे वाचली. पण रेघ अगदी घरांच्या कडेने ओढली गेली. आजोबांनी बांधलेल्या घरात तीन मुलांचे तीन संसार झाले, तेव्हा वेगळी चूल मांडायला जी जागा होती ती कालपर्यंत त्याच घरातल्यांची शेती होती आणि आज सिडकोची होती. गावठाणाचा विस्तार वेळोवेळी करून मिळावा ही मागणी तेव्हापासूनची आहे. विस्तार झाला नाही, मुलांची लग्ने मात्र थांबली नाहीत. गरजेपोटी घरांचा उगम एवढा साधा आहे, आणि तो लक्षात न घेता या बांधकामांबद्दल बोलणे अन्यायाचे ठरते.

लढ्याचे नेतृत्व जासईच्या दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांनी केले. शेतकरी कामगार पक्षाचे हे नेते पनवेलचे आमदार आणि पुढे खासदार होते. भरपाई वाढवून मिळावी आणि विकसित जमिनीत वाटा मिळावा यासाठी १९८४ च्या जानेवारीत उरण-जासई भागात हजारो शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. १६ आणि १७ जानेवारीच्या पोलीस गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. या हुतात्म्यांना दरवर्षी त्या तारखांना मानवंदना दिली जाते. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना याच आंदोलनाचे फळ मानली जाते. शहरासाठी जमीन घ्यायची तर जमीनवाल्याला शहरात वाटा द्यायचा, हे तत्त्व या लढ्याने राज्याच्या गळी उतरवले. नवी मुंबई विमानतळासाठी उठवलेल्या गावांना पुढे साडेबावीस टक्क्यांचे पॅकेज मिळाले, त्याचीही मुळे इथेच आहेत.

‘साडेबारा’ची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. योजना १९९० च्या दशकात प्रत्यक्षात आली. साडेबारा टक्क्यांतील पावणेचार टक्के जमीन सामाजिक सुविधांसाठी कापून हातात पावणेनऊ टक्के येते. तेही वारसांचे दाखले, भावकीतले वाद आणि फायलींचा प्रवास उरकल्यावर. तोवर घरात लग्न, आजारपण, शिक्षण असतेच. अनेकांनी भूखंड मिळण्याआधीच त्याच्या हक्काची फाइल बिल्डरला विकली, आणि वाटप झाल्यावर मूळ मालक, बिल्डर व सिडको यांचा त्रिपक्षीय करार झाला. विस्थापनाची भरपाई म्हणून आलेला भूखंड अशा रीतीने टॉवरचा पाया झाला. त्या टॉवरमधले घर भूखंड विकणाऱ्याच्या मुलाला परवडत नाही, असे चित्र घणसोली, कोपरखैरणे, उलवे अशा कितीतरी ठिकाणी दिसते. हा दोष विकणाऱ्याचा म्हणता येत नाही. वेळेवर न मिळालेला हक्क गरजू माणूस स्वस्तातच विकतो.

टिकली ती गावठाणातली घरे. वाशीगाव, जुहूगाव, तुर्भे, सारसोळे, दिवाळे इथे सेक्टरच्या रुंद रस्त्यावरून आत वळले की गल्ली एकदम निमुळती होते. कुठे जुन्या घराचा ओटा तळमजल्याला पायरी म्हणून उरलेला असतो. त्याच्यावर तीन-चार मजले चढलेले असतात, दाराशी वीजमीटरांची रांग असते आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून भाजीची वाटी देता-घेता येते. वरच्या मजल्यांवर भाडेकरू असतात: बाजार समितीतले माथाडी, कारखान्यातले कंत्राटी कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, कॉलेजातली मुले. शेती गेलेल्या घराला भाड्याने दरमहा उत्पन्न दिले आणि शहर चालवणाऱ्या माणसाला कामाजवळ स्वस्तात खोली दिली. नियोजित शहराने या वर्गासाठी फार थोडी घरे बांधली, ती उणीव गावठाणांनी भरून काढली आहे. जागा अपुऱ्या आहेत, उजेड कमी आहे, आग लागली तर बंब आत शिरत नाही. हेही तितकेच खरे आणि काळजीचे.

तोडकामाला विरोध बहुधा गावकीतून उभा राहतो. नोटीस आली की देवळात किंवा समाजमंदिरात बैठक बसते. पथक येते त्या सकाळी बायका पुढे आणि जेसीबीसमोर गर्दी, हा प्रसंग अनेक गावांनी पाहिला आहे. अडचण अशी की गरजेपोटी घरांच्या आडून बाहेरच्या विकासकांनी विक्रीसाठीच्या बेकायदा इमारतीही उभ्या केल्या. दिघ्यातील ९९ बेकायदा इमारतींचे प्रकरण २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे गाजले. तिथे कर्ज काढून घर घेतलेली साधी कुटुंबे रस्त्यावर आली. मुलासाठी बांधलेला मजला आणि विकायला बांधलेली इमारत यांत फरक करणारे धोरण वेळेवर आले असते, तर दोघांनाही एकाच नोटिशीचा धाक राहिला नसता.

घरे नियमित करण्याचे निर्णय टप्प्याटप्प्याने झाले. २०२२ च्या निर्णयाने गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची घरे विचारात घेतली. पण जमीन भाडेपट्ट्याने देण्याला अनेक गावांचा आक्षेप राहिला. जी जमीन मुळात आपली होती तिचे आपण भाडेकरू का व्हावे, असा त्यांचा सवाल आहे. आधी सर्वेक्षण करून गावठाणाची हद्द आखा, मालमत्ता पत्रक द्या, मग पुनर्विकासाचे बोला, ही मागणी त्यातूनच आली. विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून २४ जून २०२१ रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनावर प्रचंड मोर्चा गेला. त्या गर्दीत नावाइतकाच घरांचाही प्रश्न होता. नामकरणाचा ठराव विधिमंडळाने २०२२ मध्ये केला.

खाडीपलीकडे ठाण्यात प्रश्नाचे रूप वेगळे आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ जण दगावले. त्यानंतर समूह पुनर्विकासाच्या, म्हणजे अख्खी वस्ती एकत्र पाडून नव्याने बांधण्याच्या ‘क्लस्टर’ योजनेच्या मागणीने जोर धरला. किसननगरसारख्या धोकादायक इमारतींच्या वस्तीत लोकांना ती योजना हवी होती. चेंदणी कोळीवाड्यासारख्या जुन्या वस्त्यांनी मात्र गावठाणे व कोळीवाडे क्लस्टरमधून वगळण्याचा आग्रह धरला. जाळी विणायला, मासळी सुकवायला अंगण लागते आणि विसाव्या मजल्यावरच्या सदनिकेला अंगण नसते, हा त्यांचा मुद्दा रोजच्या कामातून आलेला आहे.

या साऱ्या वाटाघाटींत वरच्या मजल्यावरचा भाडेकरू कुठेच नसतो. सर्वेक्षणात घरमालकाची नोंद होते, घरपट्टी त्याच्या नावावर असते, बैठकीला तोच जातो. गावठाण नियमित झाले तर भाडे वाढेल, क्लस्टरमध्ये गेले तर खोलीच जाईल. दहा-पंधरा वर्षे त्याच गल्लीत राहिलेल्या माथाड्याकडे दाखवायला असते ते अकरा महिन्यांचे करारपत्र, आणि पुष्कळदा तेही नसते.