ऑर्गन वाजवायला आधी कायदा बदलावा लागला

एल्फ्रिडा आंद्रेबद्दल लिहिताना 'स्वीडनमधली पहिली महिला कथीड्रल (म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चची) ऑर्गनिस्ट' एवढं म्हणून लोक पुढे जातात, पण मला वाटतं खरी गोष्ट त्या 'ऑर्गनिस्ट' शब्दातच आहे. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन आठवतो. तिकडचा चर्चमधला म्हणजे भिंतभर पाइप असलेलं अवाढव्य वाद्य. आणि ऑर्गनिस्ट म्हणजे नुसती वाजवणारी नाही, ते चर्चमधलं पद, पगारी नेमणूक. घरात बसून हवं ते वाजव, कोण अडवणार होतं, पण पद बायकांना मिळणारच नव्हतं.

१८५७ मध्ये १६व्या वर्षी तिने स्टॉकहोमला ऑर्गनिस्टची परीक्षा पास केली, तीही बाहेरून बसून. परीक्षा पास आणि नोकरीला अपात्र! विस्बी गावात डॉक्टर असलेल्या तिच्या वडिलांनी आणि तिने अर्जांमागून अर्ज केले, तर विरोधकांनी बायबल काढलं, सभेत स्त्रियांनी गप्प राहावं हे वचन. ती कुठे बोलणार होती, वाजवणारच होती ना! शेवटी १८६१ मध्ये कायदा बदलला. याला सरकारचं उदार धोरण म्हणणारे आहेत, मला ते अजिबात पटत नाही, एका घराने चिवटपणे मागे लागून करून घेतलेलं काम आहे ते. कारण लगेच पुढे तेच तारखात्याच्या बाबतीत झालं, ती तारेचं कामही शिकली होती आणि १८६३ मध्ये तिथलीही दारं बायकांना उघडली.

१८६७ ला स्वीडनमधल्याच गॉथेनबर्ग शहराच्या कथीड्रलमध्ये तिची नेमणूक झाली, ती १९२९ मध्ये मरेपर्यंत टिकली, म्हणजे ६० वर्षांहून जास्त.

संगीत रचायला मात्र कुठला कायदा आड येत नव्हता आणि तिथेच जास्त त्रास झाला. १८६९ मध्ये तिची पहिली सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, ऑर्केस्ट्राने इतकी वाईट वाजवली की ते मुद्दाम होतं असंच तिला वाटलं. पुढे नोबेल मिळालेल्या एका लेखिकेने तिच्या ऑपेराची संहिता लिहून दिली होती, पण तो ऑपेरा तिच्या हयातीत रंगमंचावर आलाच नाही, त्यातले भाग काढून केलेली 'सूट', म्हणजे वाद्यसंगीताच्या तुकड्यांची मालिका, तेवढी वाजत राहिली. ऑर्गनसाठीची बी मायनर सिंफनी मात्र एकदा तरी ऐकाच, हे वाद्य तिच्या हाडात होतं ते कळतं.

१८९७ पासून तिने गॉथेनबर्गमध्ये कामगारांना परवडतील अशा स्वस्त तिकिटांच्या मैफली चालवल्या, ऑर्केस्ट्रा स्वतः कंडक्ट करायची. अशा सुमारे ८०० मैफली झाल्या, आणि खरंतर हे काम कुणी फारसं मोजत नाही.

१९११ मध्ये स्टॉकहोमला बायकांच्या मताधिकारासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, त्या परिषदेसाठीचा कँटाटा, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीची मोठी गानरचना, एल्फ्रिडानेच रचला. स्वीडनमधल्या बायकांनी संसदेसाठी मत दिलं ते थेट १९२१ मध्ये, तेव्हा ती ८० वर्षांची होती आणि कथीड्रलचं पद अजून तिच्याकडेच होतं.