मॅन्सनचा खटला आणि मॅन्सनचं चरित्र

ठाण्यात 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालतंय, त्यामुळे ‘क्राइममधलं काहीतरी द्या हो’ ही मागणी इथल्या वाचनालयांना नवी नाही. पण या एका मागणीवर दोन अगदी वेगळी पुस्तकं हातात पडू शकतात. एक तपासाचं नि खटल्याचं, दुसरं गुन्हेगाराचं चरित्र. गुन्हेगार साधा दरोडेखोर असेल तर या गल्लतीने फारसं बिघडत नाही. तो पंथ चालवणारा बुवा असला, की बिघडतं. चार्ल्स मॅन्सन घ्या.

ऑगस्ट 1969 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये लागोपाठच्या दोन रात्री सात खून झाले. पहिल्या रात्री पाच, त्यांत साडेआठ महिन्यांची गरोदर अभिनेत्री शॅरन टेट. दुसऱ्या रात्री एक नवरा-बायको. खून केले मॅन्सनच्या ‘फॅमिली’तल्या, म्हणजे त्याच्या पंथातल्या, पोरापोरींनी. पहिल्या रात्री मॅन्सन जागेवर नव्हता. दुसऱ्या रात्री त्या जोडप्याला बांधून तो निघून गेला. ज्याने सुरी चालवली नाही त्याच्यावर खून शाबीत कसा करायचा? सरकारी वकील व्हिन्सेंट बुग्लिओसीपुढचा पेच हाच होता, आणि त्याने सहलेखकाला घेऊन लिहिलेलं 1974 चं पुस्तक याच पेचावर उभं आहे.

अशा पुस्तकाची गोडी पुराव्यात असते. खुनात वापरलेलं रिव्हॉल्व्हर 1 सप्टेंबरला एका दहा वर्षांच्या मुलाला घरामागच्या उतारावर सापडलं. बोटांचे ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून त्याने ते जपून उचललं. न्यायला आलेल्या पोलिसाने मात्र ते खुशाल हाताळलं. मग ते शहरातल्याच एका पोलीस ठाण्यात डिसेंबरपर्यंत पडून राहिलं, आणि इकडे तसल्याच रिव्हॉल्व्हरची चौकशी अमेरिकाभर नि कॅनडापर्यंत चालली होती! वाचताना पोलिसांवर चिडायला होतं आणि पान उलटायचा हात थांबत नाही. जानेवारी 1971 मध्ये आरोपी दोषी ठरतात, पुढे फाशीची शिक्षा होते, 1972 मध्ये कॅलिफोर्नियात फाशीच रद्द झाल्याने ती जन्मठेपेवर येते. कोणी केलं आणि ते कसं सिद्ध झालं, याचं उत्तर मिळालं की पुस्तक मिटतं.

चरित्राचा जीव खुनांत नसतोच. जेफ गिन या पत्रकाराने 2013 मध्ये मॅन्सनचं चरित्र लिहिलं. त्याने मॅन्सनची बहीण आणि मावसबहीण यांना बोलतं केलं. तिथे खून येईपर्यंत निम्म्याहून जास्त पुस्तक वाचून होतं. तोवर भेटते 1939 मध्ये भावासोबत लूटमार करून तुरुंगात गेलेली आई. त्यांचं हत्यार काय, तर केचपची बाटली, पिस्तूल म्हणून रोखलेली. भेटतं मावशीचं घर, जिथे शाळेतून रडत आलेल्या चार्लीला शिक्षा म्हणून मुलीचा फ्रॉक घालून शाळेत धाडलं गेलं. आणि मग तुरुंगातला वर्ग. तिथे मॅन्सन डेल कार्नेगीचे माणसं जिंकायचे धडे गिरवतो. समोरच्याला वाटू द्यावं की कल्पना त्याचीच आहे, हा त्यातला एक धडा. कार्नेगीचा मराठी अनुवाद आपल्याकडे अजून खपतो, घेणारा तो नोकरीतल्या बढतीसाठी घेतो. मॅन्सनने हाच धडा पुढे पोरींवर वापरला. मला सगळ्या पुस्तकात सर्वांत थंड वाटलेली जागा ही. त्यापुढे ऑगस्टच्या त्या दोन रात्रीही तपशिलाच्या वाटतात.

नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी खटल्याचं पुस्तक वाचून विचारलं, “अरे, पण त्या मुली शिकल्यासवरलेल्या होत्या ना? मग गेल्याच कशा त्याच्यामागे?” हा प्रश्न चरित्राचा आहे. त्या मुलींपैकी पॅट्रिशिया क्रेनविंकल विमा कंपनीत कारकून होती. गाडी पार्किंगमध्ये सोडून, शेवटचा पगारही न उचलता ती त्याच्याबरोबर गेली. रोज ट्रान्सहार्बर लोकलने वाशीला ऑफिस गाठणाऱ्याला यातलं काय खुपेल ते सांगायला नको. कोर्टाला क्रेनविंकलने काय केलं ते हवं असतं, चरित्रकाराला ती पगार सोडून का गेली ते. आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याचंही तेच. तोही 2013 चाच. त्याच्या अनुसूचीत कृत्यं मोजून दिली आहेत. बुवाभोवती गर्दी जमली कशी, हे कलमात बसत नाही.

चरित्रात एक धोका आहे. चारपाचशे पानं एकाच माणसाच्या सहवासात काढली की तो नकळत नायक होतो आणि मेलेली माणसं यादीपुरती उरतात. गिन बराच सावध आहे, तरी पहिल्या रात्री त्या घराच्या आवारात गाडीतच मारला गेलेला अठरा वर्षांचा स्टीव्हन पॅरेंट वाचकाच्या किती लक्षात राहतो? वकिलाच्या पुस्तकाची अडचण उलटी. तो खटल्यात एका बाजूचा वकील आहे. बीटल्सच्या गाण्यांतून मॅन्सनला वंशयुद्धाचे संकेत मिळाले आणि ते पेटवायला खून झाले, हा हेतू त्याने कोर्टात मांडला होता. पुस्तकातही तो ठामच राहणार. त्या हेतूवर आजही वाद चालतो.

दोन्ही वाचायची असतील तर आधी खटला घ्या. नावं, तारखा, कोण कुठल्या रात्री कुठे होतं, हे डोक्यात पक्कं बसतं. मग चरित्र घेतलंत की ऑगस्ट 1969 कडे धावत सुटायची घाई राहत नाही, आणि मार्च 1967 मध्ये तो तुरुंगातून सुटेपर्यंतची प्रकरणं, जी बरेच जण चाळून पुढे जातात, ती सावकाश वाचता येतात.