उजालाचा बल्ब ना फुकटातला, ना कमी उजेडाचा

आमच्या परभणीकडं अजूनबी लोकं म्हणतात की ते केंद्राच्या उजाला योजनेतले ९ वॅटचे एलईडी बल्ब सरकारनं सबसिडीत वाटलेला हलका माल होता, जुना तारेचा ६० वॅटचा पिवळा बल्बच बरा. नाही हो!

५ जानेवारी २०१५ ला ही योजना सुरू झाली, त्यात केंद्राची सबसिडी नव्हतीच, ईईएसएल या सरकारी कंपनीनं पैसा आधी गुंतवला आन ठोक खरेदी केली, त्यामुळं खरेदीचा भाव ३१० वरून ३८ रुपयांवर आला, म्हणून स्वस्त. ज्याला रोख जमत नाही त्याला विजेच्या बिलातून हप्त्यानं फेडायची सोय होती, मजुरी करणाऱ्या घरासाठी हे मला लई मोलाचं वाटतं.

आन वॅट म्हणजे उजेड नाही, वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो ते, उजेड ल्युमेनमधी मोजतात आन तो दोन्हीचा जवळपास सारखाच पडतो. पिवळ्याची बरीचशी वीज नुसती गरम व्हण्यात जाते, हात लावून बघा!

रोज ५ तास लावला तर एका बल्बमागं महिन्याला साडेसात युनिट वाचतात, चार बल्ब बदलले की ३०. १०० युनिटच्या पुढं महावितरणचा दर चांगलाच चढतो, त्यामुळं १२० वापरणारं घर खालच्या दराच्या स्लॅबमधी येतं.